गावासाठी ‘ब्लॉकचेन हेल्थ कार्ड’ घ्यायचं म्हणतायत, पैसे घालावेत का?

ओटीवरचा (देवगड तालुका)

नमस्कार मंडळी. विषय जरा लांबचा वाटेल पण इथे सॉफ्टवेअरवाले, औषधवाले सगळे आहेत म्हणून विचारतो.

आमच्या गावाचं मुंबईत मंडळ आहे. दरवर्षी ते गावासाठी काहीतरी करतात, एकदा पाण्याची टाकी केली, एकदा शाळेला पंखे दिले. यंदा भांडुपच्या मीटिंगला एका कंपनीचा माणूस आला होता. म्हणे गावातल्या १४० घरांना ‘ब्लॉकचेन हेल्थ कार्ड’ देतो. घरटी ५०० रुपये आणि पुढे दरवर्षी २००. कार्डवर क्यूआर, तो स्कॅन केला की माणसाचे सगळे रिपोर्ट दिसणार. हॅक होत नाही, हरवत नाही, कोणाला बदलता येत नाही, एस्टोनिया नावाचा अख्खा देश हेच वापरतो असं त्याने स्लाईडवर दाखवलं. मंडळाला पटलंय. गणपतीला सगळे चाकरमानी आले की गावात मीटिंग आहे आणि मी गावातला सेक्रेटरी असल्यामुळे ‘स्थानिक मत’ मी द्यायचंय.

मी सरळ नाही म्हणू शकत नाही कारण गरज माझ्याच घरात आहे. गेल्या जुलैत बाबांना रात्री अचानक धाप लागली, इथल्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि आम्ही फोंडा घाट चढून कोल्हापूरला नेलं. फाईल आठवणीने घेतली होती, बाजाराच्या पिशवीत, पिशवी मागच्या सीटखाली. गाडीची काच पूर्ण लागत नव्हती, घाटात पाऊस असा की समोरचं दिसेना. तिथे पोचून पिशवी उघडली तर दोन वर्षांचे क्रिएटिनीनचे (किडनीच्या तपासणीचे) रिपोर्ट एकमेकांना चिकटून एक लगदा झालेला. डिस्चार्ज कार्डावरची शाई पसरलेली. सगळ्या तपासण्या पुन्हा. आणि बाबांना सल्फाची अ‍ॅलर्जी आहे असं लिहिलेला जो कागद होता तो मिळालाच नाही, मी तोंडी सांगितलं तर डॉक्टर विचारतात नक्की कुठलं औषध, काय झालं होतं, मला कुठे माहीत. आठ दिवसांनी तो कागद घरी सापडला, आईने पंचांगात ठेवला होता, जपून.

तर ब्लॉकचेन म्हणजे नक्की काय, आणि ह्याने माझी ती रात्र वाचली असती का, एवढंच सांगा. बिटकॉइनचं नको सांगू कोणी.

---

खळ्यातलो

आमच्या वाडीत रेंज गावाक तुळशीकडे उभ्या रवाचा लागता आनी हे चैन बांधूक निघालेत. डॉक्टर सोमवारी येता की मंगळवारी ता पयला ब्लॉकचेनवर घाला मरे.

---

रत्नांग्रीचा बग

दादा, मी पुण्याच्या कंपनीत आहे, काम घरून रत्नागिरीतून करतो. दोन वर्षं ह्याच प्रकारच्या एका प्रोजेक्टवर होतो, म्हणून जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

शिमग्याच्या वर्गणीची वही आठवा. पान संपलं की बेरीज करायची आणि पुढच्या पानावर पहिल्या ओळीत लिहायचं ‘मागील पानावरून’ आणि तो आकडा. आता समजा बाराव्या पानावर कोणी २०० चे १०० केले, तर तेराव्या पानाचा ‘मागील पानावरून’ जुळत नाही, मग तेरावं बदला, चौदावं बदला, शेवटपर्यंत बदलत जा. आणि समजा अशी वही एकाकडे नसून चार मानकऱ्यांकडे चार वह्या आहेत आणि सगळे एकाच वेळी लिहितायत, मग तर एकाने घरी बसून सगळी वही नवी लिहून काढली तरी बाकीच्या तीन वह्यांशी जुळणार नाही. संपलं, ब्लॉकचेन हीच. पान म्हणजे ब्लॉक. फक्त ‘मागील पानावरून’ला बेरीज न घेता त्या अख्ख्या पानाचा हॅश घेतात. हॅश म्हणजे एक गणिती ठसा, एसएचए-२५६ नावाची पद्धत जास्त वापरतात, तिच्यात तुम्ही एक ओळ टाका नाहीतर हजार पानांचं पुस्तक, बाहेर ६४ अक्षर-आकड्यांचीच ओळ येते. रिपोर्टात हिमोग्लोबिन ११.२ चं ११.३ केलंत तर ती ओळ थोडीशी नाही, अख्खी वेगळी येते. ठशावरून रिपोर्ट परत बनवता येत नाही, पण रिपोर्ट समोर असेल तर तो तोच आहे की कोणी हात लावलाय हे लगेच कळतं.

कल्पना बिटकॉइनच्या आधीची आहे (सॉरी, नाव घ्यावं लागलं). हेबर आणि स्टॉर्नेटा या दोघांनी १९९१ मध्ये कागदपत्रांवर तारखेचा शिक्का मारायची अशी साखळी मांडली, आणि पुढे त्यांची कंपनी १९९५ पासून दर आठवड्याचा हॅश न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापून आणायची. म्हणजे पेपर इतक्या घरांत गेला की नंतर कोणी जुनी नोंद बदलली तर पेपर कसा बदलणार. मला हे जाम आवडतं. रद्दीवाल्याकडे पण एक प्रत असणार.

आता मुद्द्याचं. तुमचे रिपोर्ट त्या साखळीत नसतात. ठेवताच येत नाहीत. प्रत्येक वहीवाल्याला प्रत्येक नोंदीची प्रत ठेवायची असते, एकेक सीटी स्कॅन शेकडो एमबीचा, कोण ठेवेल. आणि ठेवू पण नये कारण एकदा लिहिलेलं पुसता येत नाही. म्हणून शहाणे लोक रिपोर्ट साध्या सर्व्हरवर ठेवतात आणि साखळीत फक्त त्याचा ठसा, आणि कोणी कधी उघडला त्याची नोंद. एमआयटीच्या लोकांनी २०१६ मध्ये मेडरेक म्हणून नमुना केला होता, इथेरियम नावाच्या ब्लॉकचेनवर, बोस्टनच्या एका हॉस्पिटलबरोबर, त्यात पण रेकॉर्ड हॉस्पिटलकडेच होते, साखळीत फक्त कुठे आहेत आणि बघायची परवानगी कोणाला आहे एवढंच.

म्हणजे ‘हरवत नाही’ हे साफ खोटं. सर्व्हर गेला तर रिपोर्ट गेला, ठसा राहील. ६४ अक्षरांची ओळ घेऊन कोल्हापूरच्या डॉक्टरने काय करायचं.

त्या माणसाला एकच विचारा, चार वह्या कोणाकोणाकडे आहेत? त्याने ‘आमच्या क्लाऊडवर’ म्हटलं तर चारही वह्या एकाच कपाटात आहेत आणि किल्ली त्याच्याकडेच. मग ती ब्लॉकचेन नुसती नावाला.

---

भांडुप_स्टेशन

मी त्या मीटिंगला होतो. सगळ्यांना खिल्ली उडवायला बरं वाटतं, गावासाठी काही करायला गेलं की पहिला पाय गाववालेच ओढतात हा अनुभव आहे. एस्टोनियाचं मी स्वतः नेटवर बघितलं, खरं आहे. तिथे माणसाला घरी बसून दिसतं की आपलं रेकॉर्ड कुठल्या डॉक्टरने बघितलं. आपण काय कायम बाजाराच्या पिशवीतच फाईल न्यायची का?

---

रत्नांग्रीचा बग

भाऊ खिल्ली नाही. एस्टोनिया खरंय, पण नक्की काय ते बघा ना. त्या देशात लोकच १३ लाखांच्या आसपास, आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेला १६ लाख होते. २००१ पासून त्यांनी सरकारी खात्यांचे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतील अशी एक्स-रोड नावाची व्यवस्था उभी केली, ती ब्लॉकचेन नाही. प्रत्येक माणसाला डिजिटल ओळखपत्र दिलं, ते पण ब्लॉकचेन नाही. २००७ मध्ये त्यांच्या सरकारी आणि बँकांच्या साइटवर मोठा सायबर हल्ला झाला, त्यानंतर भीती ही बसली की कोणी आत शिरून गुपचूप नोंदी बदलल्या तर आपल्याला कळणार कसं, आणि त्यासाठी गार्डटाइम कंपनीची हॅशच्या साखळीची पद्धत आणली, आरोग्याच्या नोंदींना २०१६ मध्ये जोडायचं ठरलं. म्हणजे आधी घर बांधलं, दारं बसवली, मग शेवटी कडीला सील लावलं. आपला माणूस नुसतं सील विकायला आलाय आणि घराचा पाया पण खणलेला नाही.

‘हॅक होत नाही’चं पण सांगतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअरचा (डेटाला कुलूप लावून खंडणी मागायची) हल्ला झाला, जवळजवळ दोन आठवडे ओपीडी, अ‍ॅडमिशन, रिपोर्ट सगळं हाताने कागदावर चाललं होतं. तिथे ठशांची साखळी असती तर नंतर नोंदी कोणी बदलल्या का ते तपासता आलं असतं, हे मान्य. पण कुलूपबंद झालेला डेटा परत देतो तो बॅकअप. त्यावर कोणी स्लाईड बनवत नाही कारण बॅकअप शब्दाला ग्लॅमर नाही.

---

चार गोळ्या कापून

कणकवली भागात मेडिकल आहे माझं, २२ वर्षं काउंटरला. माझ्या मते ह्या टेक्नॉलॉजीचं खरं काम पेशंटच्या फाईलीत नाहीच, औषधांत आहे.

१ ऑगस्ट २०२३ पासून ३०० मोठ्या ब्रँडच्या औषधांवर क्यूआर सक्तीचा झाला, घरातली नेहमीची तापाची, शुगरची, अ‍ॅसिडिटीची पट्टी उलटून बघा, दिसेल. स्कॅन केलात की औषधाचं नाव, कंपनीचा पत्ता, बॅच नंबर, बनवल्याची तारीख, एक्सपायरी, लायसन्स नंबर. दोन वर्षं उलटून गेली, माझ्या काउंटरला स्कॅन करून बघणारं गिऱ्हाईक मी एका हातावर मोजीन, त्यातला एक माझाच भाचा.

आणि हे सगळं बॅचचं वर्णन आहे, त्या एका पट्टीचं नाही. उद्या कोणी नकली पट्टी छापली आणि खऱ्याचा क्यूआर जसाच्या तसा उचलून त्यावर चिकटवला तर स्कॅनवर खरीच माहिती येणार. क्यूआर काय, छापता येतो. ह्याला उपाय म्हणजे प्रत्येक पट्टीला नाहीतर खोक्याला स्वतःचा वेगळा नंबर, आणि कंपनीकडून डेपो, डेपोकडून स्टॉकिस्ट, स्टॉकिस्टकडून मी, प्रत्येक हाताला नोंद. मग एकच नंबर सकाळी सावंतवाडीत विकला गेला आणि संध्याकाळी ठाण्यात परत विकायला आला तर सिस्टीम ओरडेल. आता गंमत अशी की कंपनी आपला सगळा माल कुठे जातो हे दुसऱ्या कंपनीला दाखवणार नाही, स्टॉकिस्ट आपलं गिऱ्हाईक मला दाखवणार नाही, कोणाचा कोणावर विश्वास नाही आणि वही तर सगळ्यांची एक पाहिजे. इथे ही चार वह्यांची पद्धत शोभते. अमेरिकेत २०१३ च्या कायद्याने औषधाच्या प्रत्येक पॅकला सीरियल नंबर आणि सगळ्यांनी मिळून माग ठेवायचा असं ठरलं, त्यावर मेडीलेजर म्हणून औषध कंपन्यांनी एकत्र प्रयोग केला. फायझर वगैरे होते त्यात. त्यातलं मला पटलेलं काम अगदी साधं आहे. दुकानातून परत आलेला माल होलसेलरने पुन्हा विकायच्या आधी नंबर खरा आहे का हे बनवणाऱ्या कंपनीला विचारायचं, आणि कुठल्या नंबरासाठी कोणाला विचारायचं ती यादी साखळीवर, बदलता न येणारी. बस. आपल्याकडे २०१८ मध्ये नीती आयोगाने ओरॅकल, अपोलो आणि स्ट्राइड्स या कंपन्यांना घेऊन असाच नकली औषधांवर प्रयोग करायचं जाहीर केलं होतं. माझ्या काउंटरपर्यंत काही आलेलं नाही अजून.

आणि शेवटी सगळं माझ्या कात्रीशी येऊन थांबतं. ‘चारच द्या हो, पुढच्या आठवड्यात बघू’. दहाची पट्टी कापली की एक्सपायरी एका तुकड्यावर, क्यूआर दुसऱ्यावर. चार गोळ्यांचं जे गिऱ्हाईक घेऊन जातं त्याच्या हातात बऱ्याचदा नुसतं चकचकीत अ‍ॅल्युमिनियम. मी तारखेची बाजू माझ्याकडे ठेवतो कारण उरलेल्या पुढच्याला विकायच्या असतात. खरं ते लिहितोय.

---

पेटी ५ डझन

औषधवाले दादा बरोबर. आमच्या आंब्याचं हेच आहे. पेटीवर देवगड, वरचा थर देवगड आणि खाली कर्नाटक. २०१८ मध्ये हापूसला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तरी वाशी मार्केटच्या बाहेर हे चालूच. तिकडे वॉलमार्टने आयबीएमला घेऊन आंब्यावरच ट्रायल केली होती, दुकानातल्या कापलेल्या आंब्याच्या पाकिटावरून बाग शोधायला आधी जवळजवळ ७ दिवस लागले, मग साखळीवर २.२ सेकंद. ऐकायला भारी. पण पेटी भरताना कोण काय भरतो ते साखळीला दिसत नाही ना. एक आंबा खाऊन बघितल्याशिवाय आमच्याकडे कोणी पटवून घेत नाही.

---

खळ्यातलो

मग पेशंटाक पण खावन बघूचा काय

---

आईसपॅक

मी दापोली-मंडणगड पट्ट्यात आरोग्य खात्यात आहे, जास्त सांगत नाही. वरची चर्चा वाचून फ्रीजबद्दल लिहावंसं वाटलं कारण ह्यावर कोणी बोलत नाही.

आरोग्य केंद्रात लसी ज्यात ठेवतात त्याला आयएलआर म्हणतात, आतल्या बाजूला बर्फाचं अस्तर असतं. तापमान २ ते ८ च्या मध्ये पाहिजे. सकाळी एकदा संध्याकाळी एकदा थर्मामीटर बघून रजिस्टरला लिहायचं. आता मी अशी रजिस्टरं बघितलीत ज्यात महिनाभर ४, ४, ४, ४, एकाच पेनाने, एकाच तिरक्या अक्षरात, रविवारी सुद्धा ४. तुम्हाला कळलं असेल कधी लिहिलं ते. माणसाला दोष नाही देत मी, एकाच माणसाला लसीकरण, डिलिव्हरी, मीटिंग, सर्व्हे सगळं करायचं असतं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्याकडे खांब असे पडले होते की कित्येक गावांना महिनाभर वीज नव्हती. आयएलआरचं झाकण उघडलं नाही तर लाईट गेल्यावर पण बरेच तास थंडावा टिकतो, पण दिवसच्या दिवस नाही. जनरेटरला डिझेल नाही, रस्त्यावर झाडं. आम्ही सगळा साठा कोल्ड बॉक्समध्ये भरला, बर्फाचे पॅक थोडे घाम फुटेपर्यंत बाहेर ठेवून मग लावले (कडक गोठलेले थेट लावले तर काही लसी गोठून फुकट जातात, बऱ्याच जणांना उलटंच वाटतं), आणि एका माणसाने मोटरसायकलवर, दोन ठिकाणी बॉक्स डोक्यावर घेऊन झाडं ओलांडत, जिथे जनरेटर चालू होता तिथे पोचवला. प्रत्येक बाटलीवर चौकोन असलेला गोल असतो, उष्णता लागली की आतला चौकोन काळसर होत जातो, तो गोलाच्या रंगाएवढा झाला की बाटली फेकायची. तो बघून आम्ही ठरवलं काय ठेवायचं. त्या चौकोनाला नेटवर्क लागत नाही.

तर मी शोधलं होतं मागे, इंग्लंडमध्ये जानेवारी २०२१ मध्ये स्ट्रॅटफर्ड आणि वॉरिकच्या हॉस्पिटलात कोरोना लसीच्या फ्रीजचं तापमान सेन्सरने घेऊन थेट हेडेरा नावाच्या साखळीवर टाकायला लागले, म्हणजे नंतर बसून ४, ४, ४ लिहिता येणार नाही. मला हे आवडलं. आपल्याकडे लसींच्या साठ्यावर लक्ष ठेवणारं सरकारी ई-विन आहे, त्यात पण सेन्सर तापमान पाठवतो, बिघडलं की फोनवर मेसेज येतो, फक्त साखळी नाही, सरकारी सर्व्हर. मला विचाराल तर आमच्या कामात ९० टक्के फायदा सेन्सर आणि मेसेजचाच आहे. साखळीचा फायदा कधी, तर उद्या कुठे लसीवरून वाद झाला, कोर्टात गेला, लस बनवणारा म्हणतो तुम्ही तापवली आणि आम्ही म्हणतो आली तेव्हाच तापलेली होती, तेव्हा. मधल्या प्रत्येक टप्प्याचं तापमान कोणालाच नंतर बदलता आलं नाही असं दाखवता आलं पाहिजे. आणि सेन्सर कोणी भिंतीला टांगून ठेवला आणि फ्रीज वेगळाच तापला तर साखळी प्रामाणिकपणे भिंतीचं तापमान जपून ठेवील, हे पण आहेच.

---

ड्यूटी संपली

कॅज्युअल्टीत काम करते, कोकणातून घाट चढून आलेले पेशंट रोज बघते त्यामुळे ओल्या फाईलींचं नवल नाही. ओटीवरचा काका, तुमच्या बाबांसारखा पेशंट आला की पहिल्या दहा मिनिटांत मला काय पाहिजे असतं सांगू? कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आणि तेव्हा काय झालं होतं. सध्या चालू गोळ्या, मिलीग्रॅमसकट. मागचं क्रिएटिनीन किती आणि कधीचं. मागचा ईसीजी. शुगर, बीपी, ऑपरेशन काही झालंय का. एक पान. ते पान खरं आहे का हे मी ब्लॉकचेनवर तपासत बसणार नाही, कोण कशाला स्वतःच्या बापाची खोटी अ‍ॅलर्जी लिहील.

उलट मला ‘बदलता येत नाही’चीच भीती वाटते. डेटा भरणारे चुकतात. बी पॉझिटिव्हचं बी निगेटिव्ह झालेलं मी बघितलंय (रक्त देताना आम्ही परत तपासतोच, घाबरू नका). साखळीवर चूक खोडता येत नाही, खाली दुरुस्तीची दुसरी नोंद घालायची, आणि रात्री अडीचला दमलेला माणूस वरची वाचणार की खालची? आणि किल्लीचं काय? पेशंट बेशुद्ध, पासवर्ड त्याच्या मोबाईलात, मोबाईल वाडीत चार्जिंगला. अशा वेळी डॉक्टरला उघडता आलं पाहिजे आणि उघडलं याची नोंद राहिली पाहिजे. ती सोय कार्डात आहे का ते विचारा.

---

रत्नांग्रीचा बग

ताईंचा किल्लीचा मुद्दा आमच्या प्रोजेक्टला शेवटपर्यंत सुटला नव्हता. टेस्टिंगला आलेल्या एका आजींनी सिम बदललं, त्यांची किल्ली जुन्या फोनमध्ये आणि जुना फोन नातवाने एक्सचेंजला दिलेला. ‘विसरलात तर आम्ही परत काढून देऊ’ असं कंपनी म्हणाली की समजायचं किल्ली खरं तर कंपनीकडेच आहे.

अजून एक. २०२३ चा डिजिटल डेटा संरक्षणाचा कायदा म्हणतो माणसाने संमती काढून घेतली तर त्याचा डेटा पुसायला सांगायचा हक्क आहे. म्हणून कोणी कंपनी अभिमानाने ‘तुमची सगळी माहिती कायमची ब्लॉकचेनवर’ म्हणाली तर तिला कायदा पण कळलेला नाही आणि ब्लॉकचेन पण.

आणि दादा, आभा, म्हणजे सरकारी आरोग्य खातं, काढलंय का? १४ आकडी नंबर, पैसे लागत नाहीत. त्यात रिपोर्ट एका जागी गोळा होत नाहीत, ज्या हॉस्पिटल-लॅबने बनवले तिथेच राहतात, तुम्ही फोनवर संमती दिलीत की दुसऱ्याला ठरावीक दिवसांपुरते दिसतात. सप्टेंबर २०२१ पासून देशभर चालू आहे आणि ब्लॉकचेनशिवाय चालतंय. ते आणि ५ लाखांचं आयुष्मान कार्ड वेगळं, लोक घोळ घालतात. अडचण एकच, तुमची लॅब त्याला जोडलेली पाहिजे, नाहीतर नंबर आहे आणि आत काहीच नाही.

कोविनचं सर्टिफिकेट पण आठवा, त्यावरच्या क्यूआरमध्ये डिजिटल सही होती, साखळी नव्हती. सही कोणाची हे पक्कं असेल तर बहुतेक कामं तेवढ्यात भागतात. चार जणांचा एकमेकांवर विश्वास नाही आणि पंच पण नको अशी परिस्थिती असेल तरच चार वह्या.

---

भांडुप_स्टेशन

ठीक आहे, चार वह्यांचं मला पटलं. पण मंडळाने ७० हजार बाजूला काढलेत ते परत बँकेत टाकायचे का? लोक म्हणणार नुसत्या मीटिंगा घेतात.

---

ओटीवरचा (देवगड तालुका)

सगळ्यांचे आभार, रात्री तीनदा वाचलं. काल त्या माणसाला फोन लावला. भांडुपवाल्या भाऊंना कॉन्फरन्सवर घेतलं होतं, नंतर कोणी म्हणायला नको.

पहिलं विचारलं वह्या कोणाकडे. तो म्हणाला नोड (म्हणजे त्या वह्या) आमचेच, तीन आहेत, सगळे क्लाऊडवर. दुसरं, रिपोर्ट कोण भरणार. म्हणाला ‘युजर स्वतः फोटो काढून अपलोड करणार’. म्हणजे ते चिकटलेले कागद मीच सोडवायचे, मीच फोटो काढायचे आणि मग ते फोटो कोणालाही बदलता येणार नाहीत! तिसरं, बाबा बेशुद्ध असले तर डॉक्टर कसं उघडणार, तर ‘ओटीपी येईल रजिस्टर्ड मोबाईलवर’. बाबांचा मोबाईल बटणाचा आणि आमच्याकडे पावसात टॉवर दोन-दोन दिवस बंद. चौथं मी विचारलं नव्हतं, भाऊंनीच विचारलं, दरवर्षीचे २०० नाही भरले तर? तर कार्ड ‘इनअ‍ॅक्टिव्ह’ होतं. भाऊ फोनवर पाच सेकंद गप्प होते.

मंडळाला मी आणि भाऊ मिळून लिहून देतोय. कार्ड नको. त्या पैशातून एक चांगला स्कॅनर आणि प्रत्येक घराला चेनवाली वॉटरप्रूफ फाईल, मच्छीवाले खलाशांची कागदपत्रं ठेवतात तसली, ती मिळते. गणपतीत सगळे गावातच असतात, शाळेतली पोरं दोन दिवस बसून स्कॅन करतील, प्रत्येकाचं त्याच्याच पेनड्राईव्हवर आणि घरातल्या कोणा एकाच्या फोनवर, आभा नसेल त्याचं आभा तिथेच. मंडळाकडे कोणाचा रिपोर्ट राहणार नाही, वाडीत कोणाला काय झालंय हे वाडीला आधीच जास्त माहीत असतं. ड्यूटीवाल्या ताई, तुम्ही सांगितलेलं एक पान कसं लिहायचं त्याचा नमुना टाकाल का? मराठीत की इंग्रजीत?

---

ड्यूटी संपली

औषधांची नावं इंग्रजीत, बाकी मराठी चालेल. वर तारीख टाका आणि गोळी बदलली की पान नवीन लिहा, जुनं खोडून त्यावरच नको. नमुना रात्री टाकते. सल्फाचं लाल पेनाने.

---

चार गोळ्या कापून

चालू गोळ्या लिहायला प्रत्येकाने रिकामी पट्टी घेऊन यायला सांगा, नाव लिहिलेली बाजू. तोंडी सांगितलेलं नाव लिहू नका, ‘ती पांढरी, अर्धी सकाळची’ ह्यावर मी रोज डोकं फोडतो. मी बसतो एक दिवस येऊन, गणपतीत दुकान भाऊ बघेल.

---

खळ्यातलो

आमच्या आवशीची फाईल पण घेवा. पंचांगात बघूक सांगतंय तिका आधी.

---

ओटीवरचा (देवगड तालुका)

घेतो रे, आण. स्कॅनर बघायला उद्या जामसंड्याला जातोय, झेरॉक्सवाला म्हणाला दोन्ही बाजू एकदम घेणारा घ्या, पण ओले होऊन सुकलेले कागद त्यात अडकतात, ते तव्यावर नको, इस्त्रीखाली सपाट करून मग घाला.